फरशी चार बोटं वर

९ नोव्हेंबर

दादा,

फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोन मधेच ठेवून देता येतो. पत्र फार तर फाडता येईल, पण पाठकोरा कागदसुद्धा जपून ठेवणारा माणूस तू. फाडणार नाहीस.

दहा महिने झाले तू माझ्याशी बोलला नाहीस. कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ बावीस वर्षं तुझ्या हाताखाली खेळला, त्यातली शेवटची नऊ वर्षं मी तुझी मदतनीस, आणि आता शिट्टी माझ्या गळ्यात आहे. एवढ्यावरून तू घर बंद करून लेकाकडे जाऊन बसलास, चार तासांवर. निघायच्या आदल्या दिवशी जेवताना तू एकच विचारलंस, "त्यांनी तुझं मत घेतलं होतं का?" तेव्हा सांगितलं तेच आता लिहिते. प्राचार्यांनी ठरवलं आणि मला कळवलं. मला कोण विचारतंय.

असो. आता ऐक. पाच सामने, पाच विजय. माझं पहिलंच वर्ष आहे आणि लोक आत्ताच मला "बाई, यंदा चषक कधी आणताय ते बोला" म्हणायला लागलेत.

संघातल्या बहुतेक मुली तुझ्यानंतर आल्या, म्हणून ओळख करून देते. कप्तान आहे वकील. पंचांनी शिट्टी वाजवली की ही दोन मुद्दे मांडते, तिसरा राखून ठेवते. रिंगखाली उभी राहते ती जिराफ. आणि लांबून बास्केट करते ती घुमी. दिवसाला दहा शब्द बोलत नाही, पण तिचा हात बघशील तर चहा गार होईल तुझा. दर वेळी तोच गुडघा, तेच मनगट, चेंडू तेवढ्याच उंचीवर.

आणि बातमी अशी की वीस वर्षं तू जिच्यासाठी अर्ज करत होतास ती लाकडी फरशी मी सहा महिन्यांत मंजूर करून घेतली. या सुट्टीत जुन्या सिमेंटवर पट्ट्या ठोकून वर लाकूड बसवणार आहेत. मी मिरवतेय असं तुला वाटेल. मिरवतेच आहे.

लीग तुला पाठ आहे. आठ कॉलेजं, चौदा सामने, पहिले चार संघ पुढे. मला यंदा दोन गोष्टी हव्यात: त्या चारांत येणं, आणि तुझ्या हातची एक ओळ. पहिली मी मिळवीन. दुसरी माझ्या हातात नाही, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त हवी आहे.

तुझी धाकटी


२८ नोव्हेंबर

दादा,

उत्तर नाही. हरकत नाही. वहिनीला फोन केला होता. म्हणाली, "वाचलं त्यांनी. दोनदा वाचलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं." खण म्हणजे काही कचऱ्याची टोपली नव्हे. मला तेवढं पुरे आहे.

फरशी झाली. काय सांगू तुला, हॉलचं रूपच पालटलं. सिमेंटवर पडलं की कातडं सोलायचं, आता पोरी मुद्दाम लोळतात. प्राचार्य बूट काढून चालून गेले. पहिला सामना तिच्यावरच झाला, तेवीस गुणांनी जिंकलो. पाहुण्यांचे शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आदळून बाहेर. आपला बचावच असा की समोरच्यांच्या हातांना कापरं भरलं. आणि जिराफ! सुट्टीआधी उडी मारली की तिची बोटं जाळीला जेमतेम लागायची, आता बोटं मुळापर्यंत जाळीत जातात. मी सुरू केलेल्या दोरीवरच्या उड्यांचा परिणाम. तू दोरीला पोरखेळ म्हणायचास ना, घे आता.

त्यानंतर बाहेर दोन सामने झाले, दोन्ही थोडक्यात गेले. परका हॉल, बसचा प्रवास, एके ठिकाणी तर दिवेही मिणमिणते. काळजीचं काही नाही. माझ्या मुली आहेत, उसळून वर येतील.

तुझी धाकटी


१३ डिसेंबर

दादा,

वर्तमानपत्रात वाचलंच असशील, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. चार हरलो. लागोपाठ चार, सगळे बाहेरचे. आणि मागच्या पत्रातलं ते "थोडक्यात" म्हणजे पंधरा आणि अठरा गुण होते.

शॉट आखूड पडतात. रिंगच्या पुढच्या कडेवर ठक्, आणि चेंडू परत अंगावर. आपल्या हॉलमध्ये सराव बघ, शंभरातले सत्तर आत. बसमधून दुसऱ्या गावात उतरल्या की त्याच मुली, तेच हात, आणि ठक्. म्हणजे डोक्यातच काहीतरी बसलंय, दुसरं काय असणार.

मी सगळं करून बघितलं. पळवलं. हरलेल्या गुणांइतक्या फेऱ्या, दर सामन्यानंतर. बसमध्ये गाणी बंद केली. मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेला बोलावलं. तिने पोरींना डोळे मिटून रिंग समोर आणायला सांगितली, तर वकील म्हणते, "मॅडम, उघड्या डोळ्यांनी सापडत नाही, मिटून कुठे शोधू?" मी रागावले, पण हसू दाबायला तोंड फिरवावं लागलं.

आणि घुमीला बसवलं. सगळ्यांत वाईट तिचं झालं होतं. बाकीच्यांचा चुकूनमाकून एखादा तरी आत जातो, हिचा एकही नाही. चौथा सामना हरल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भित्र्या हातांना माझ्या संघात जागा नाही." तिने पिशवी उचलली आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

कडक राहावं लागतं. तूही राहायचास. आपण सहाव्या नंबरवर घसरलोय, पण वर्ष संपलेलं नाही. मला अजून माझ्यावर भरवसा आहे. तुझा आहे का, ते तेवढं वहिनीजवळ बोल, ती मला सांगेल.

धाकटी


२१ डिसेंबर

दादा,

आधी खुर्चीत बस. हे उभ्याने वाचू नकोस.

मंगळवारी सरावानंतर घुमी थांबली. तिच्या घराजवळ शाळेचं मैदान आहे, तिथे ती रोज सकाळी एकटी खेळते. मला म्हणाली, "बाई, इथे आत पडतो. तिथे नाही पडत." मी फाडकन म्हटलं, "कारणं सांगू नकोस." ती गेली.

गुरुवारी सुतार आला. सामानाच्या खोलीचं दार खाली घासत होतं. त्याने दार काढून आडवं घातलं, रंधा मारायला बसला आणि बोलता बोलता म्हणाला, "बाई, हे होणारच. फरशी चार बोटं वर आली की. मोठं दारही मीच तासलं. ती बाहेर जायची पायरी बघा, मुली रोज ठेचकाळतात. भिंतीला जे जे म्हणून आहे ते सगळं तेवढं खाली आलं म्हणायचं." मी आपली हो हो करत होते. मग माझं लक्ष भिंतीकडे गेलं. भिंतीला आपला बोर्ड आहे. बोर्डाला रिंग आहे.

शिपायाने शिडी धरली, मी वर चढून टेप सोडला. दोन्ही बाजूंना मोजलं, पुन्हा मोजलं. चार बोटं कमी.

जिराफची उडी वाढलीच नव्हती, दादा. पाहुण्यांच्या हातांना कापरंबिपरं काही भरलं नव्हतं. आणि महिनाभर माझ्या पोरी माझ्याच शिट्टीवर, माझ्याच देखरेखीखाली, बुटक्या रिंगवर मन लावून चुकीचं शिकत होत्या. घुमीचं सगळ्यांत वाईट का झालं ते आता कळलं. ती सगळ्यांत नेमकी आहे म्हणून. बाकीच्यांचे हात थोडे इकडे थोडे तिकडे जातात, त्यात एखादा आत पडतो. तिने मी शिकवलेलं केसभरही सोडलं नाही. आणि मी तिला सगळ्यांदेखत भित्री म्हटलं.

तू दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रिंगला टेप लावायचास. तुझी पाठ वळली की मी मुलींकडे बघून डोळे मिचकावायचे. कारभार हातात आल्यावर मी पहिली बंद केली ती हीच पद्धत. रिंग कुठे पळून जाणार आहे, असं म्हणाले होते मी. हस आता. वहिनीलाही वाचून दाखव.

धाकटी


४ जानेवारी

दादा,

आधी वाईट सांगून टाकते. टेप गुंडाळताना माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? सुट्टीत फिटरला बोलवायचं, बोर्ड गुपचूप वर घ्यायचा आणि कुणाला ताकास तूर लागू द्यायचा नाही. महिनाभरात पोरी सुधारतील, लोक म्हणतील बाईंनी काय जादू केली. दीड दिवस मी याच बेतावर खूश होते. सुताराला चहा पाजून गप्प बसवायचं म्हणूनही ठरवलं होतं.

मग शुक्रवारी हॉलमध्ये गेले तर घुमी बाकाच्या टोकाला बसून इतरांच्या बाटल्या भरत होती. त्यापुढे माझ्याने राहवलं नाही.

सगळ्यांना रिंगखाली उभं केलं. टेप जिराफच्या हातात दिला आणि तिलाच मोजायला लावलं. मग म्हटलं, "फरशी मी आणली, रिंग मी बघितली नाही. तुम्ही हरला नाहीत, मी हरवलंय तुम्हाला." वकील म्हणाली, "बाई, मग आमच्याकडून ज्या फेऱ्या मारून घेतल्या त्यांचं काय?"

"त्या माझ्या."

"मग मारा."

दादा, मी पळाले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, या गुडघ्यांवर, झेपल्या तेवढ्या, वीस फेऱ्या. मोजायला जिराफ होती, ती दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा माझ्याच जिवावर उठली. शेवटच्या चार फेऱ्यांना सगळ्या माझ्याबरोबर पळत होत्या. मी पडले तर उचलायला, असं वकिलीणबाईंचं म्हणणं.

धाप कमी झाल्यावर मी घुमीकडे गेले. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच म्हटलं, "तुझा हात बरोबर होता. मी चुकले. मला माफ कर." तिने विचारलं, "उद्या किती वाजता?"

राहिला तो तेवीस गुणांचा विजय. तो त्याच बुटक्या रिंगवरचा. मी म्हटलं, लीगला कळवायला हवं. वकील उसळली, "बाई, कुणाला कळणार आहे?" तर मागून घुमी म्हणाली, "मला कळलंय." खटला तिथेच निकाली निघाला. लीगने तो सामना रद्द केला. पुन्हा खेळायचाय, आणि तोही त्यांच्या हॉलमध्ये.

बोर्ड फिटरने चार दिवसांत वर घेतला. आजची एक तारीख नाही, तरी मी सकाळी मोजून आलेय. बरोबर आहे.

धाकटी


२२ जानेवारी

दादा,

हातांना लागलेली सवय सुटायला सवय लागण्याहून जास्त दिवस लागतात. मी मुलींना पुन्हा रिंगच्या अगदी खाली उभं केलं, तू मला नऊ वर्षांची असताना केलं होतंस तसं. दहा आत गेले की एक पाऊल मागे. एक चुकला की एक पाऊल पुढे. पहिल्या आठवड्यात वकील तीन पावलांच्या मागे जाऊ शकली नाही आणि तिने रिंगवरच आक्षेप नोंदवला. घुमी रोज सगळ्यांच्या आधी यायची. पाचव्या दिवशी ती लांबच्या रेषेपाशी पोहोचली.

पहिला सामना तरीही गेला. आपल्याच हॉलमध्ये, दोन गुणांनी. पण या वेळी "थोडक्यात" म्हणजे खरंच थोडक्यात. त्या सामन्यानंतर पोरी खाली मान घालून बसल्या नाहीत, टेप काढून माझ्यासमोर रिंग मोजली. बरोबर निघाली. "मग आता चूक आमची," जिराफ म्हणाली, आणि सगळ्यांनी मिळून काय चुकलं ते काढलं. मला फारसं बोलावंच लागलं नाही. त्यानंतर रद्द झालेला सामना त्यांच्या हॉलमध्ये जाऊन नाकावर टिच्चून जिंकलो. मग आणखी दोन. ठक् आवाज बंद झालाय. बसमध्ये गाणी सुरू आहेत, आणि वकिलाचा गळा असा आहे की बंद होती तेच बरं होतं.

आता एकच सामना उरलाय, ३ फेब्रुवारीला, आपल्या हॉलमध्ये. जिंकलो तर चौथे. आम्ही जिंकू. हे मी फुशारकीने लिहीत नाही, पोरींकडे रोज बघते म्हणून लिहिते.

पण आज पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही.

वीस फेऱ्या मारून झाल्यावर मला वाटलं होतं, सुटले. सुटले नाही. मुलींचं झालं, तुझं राहिलंय. जेवताना तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले आणि नोव्हेंबरात तेच पुन्हा लिहून पाठवलं. प्राचार्यांनी मला विचारलं होतं. केबिनमध्ये बसवून विचारलं, "तुमच्या भावाला आणखी दोन वर्षं द्यावीत का?" मी म्हटलं, "तो आता थकलाय." एवढंच. तीन शब्द. त्यांनी मान हलवली आणि विषय संपला.

तू थकला होतास. सरावाला उशीर व्हायचा, नावं विसरायचास, दोन-तीन वेळा उगीच पोरींवर खेकसलास. ते खोटं नव्हतं. पण मी ते तुझ्या काळजीपोटी बोलले नाही. मला शिट्टी हवी होती, दादा. नऊ वर्षं मला ती हवी होती. तुझ्यासमोर बसून "आता मला दे" असं म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून तुझ्या पाठीमागे म्हटलं.

तुझ्याशिवाय हा संघ मी चालवू शकते, ते मी दाखवलंय. पण घरी येऊन ज्याला सांगावं असा माणूस मीच घालवला. तू कर माफ किंवा नको करू. मी चुकले. हे तुला माझ्या तोंडून कळायला हवं होतं, वर्षभर उशिरा का होईना.

धाकटी


१० फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आज पोचलं. वर "प्रिय" नाही, खाली सही नाही, माझ्या त्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. नुसते चार आकडे आणि चार तक्रारी, पाठकोऱ्या कागदावर. मी ते वाचून स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले, मग पुन्हा वाचलं आणि भांडायला बसले.

एक. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टाइमआउट फार उशिरा घेतला, म्हणतोस. मान्य. सहा गुण गेले त्यात.

दोन. जिराफ रिबाउंडचा चेंडू घ्यायला एकाच हाताने जाते. मान्य. आजपासूनच दोन्ही हातांचा सराव सुरू केलाय.

तीन. वकील पंचांशी बोलत असते आणि तिची खेळाडू मोकळी सुटते. मान्य. तिला तुझं वाक्य वाचून दाखवलं. "हे कोण?" म्हणाली. मी म्हटलं, माझा भाऊ. "मग बरोबर असेल," म्हणाली. तिने आजवर माझं एवढ्या पटकन कधी ऐकलेलं नाही.

तू त्यांना जिराफ, वकील म्हणतोस, म्हणजे माझी पत्रं तुला पाठ आहेत. आणि वर्तमानपत्रात फक्त "एका गुणाने विजय" एवढं छापून आलं होतं. टाइमआउट कधी घेतला ते त्यात नव्हतं. वहिनीला फोन केला तर म्हणाली, "त्या दिवशी सकाळीच दाताच्या डॉक्टरकडे म्हणून गेले, रात्री जेवायला आले. दात अजून तसाच आहे."

आता चौथी तक्रार. शेवटच्या बास्केटच्या वेळी घुमीचा पाय रेषेवर होता, म्हणून ते तीन गुण नव्हते, दोनच होते, आणि पंच आंधळा होता, असं तू लिहिलंयस. हे मात्र साफ अमान्य. तिचा पाय रेषेच्या वीतभर मागे होता. मी समोर होते, पंच समोर होता, आणि ती घुमी आहे, तिचा पाय रेषेवर पडत नाही. खात्री करायला आज तिला पुन्हा त्याच जागी उभी केली आणि अख्खा हॉल फिरून बघितला. पाय रेषेवर दिसतो तो एकाच ठिकाणाहून. डावीकडच्या जिन्याजवळ, खांबाच्या आड, जिथे उभं राहिलेला माणूस माझ्या बाकावरून दिसत नाही.

उपांत्य फेरी शनिवारी चार वाजता आहे. माझ्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवतेय. तिथे बस आणि मग सांग पाय कुठे होता.

धाकटी